बाईंची पट्टी

समोरचा माणूस न भांडता हो म्हणाला, तर माल उलटून पाहायचा. हे मी मोशीच्या भाजी बाजारात पहिल्याच महिन्यात शिकले. तेव्हा मी चार घरचे डबे करत होते. पुढे कंपन्यांची कँटीन घेतली, आधी तळेगावात एक, मग चाकणला तीन. कांद्याच्या आडत्यापासून एसीत बसलेल्या एच.आर.च्या साहेबापर्यंत सगळ्यांशी भांडले आणि बहुतेक वेळा मला हवं ते घेऊनच उठले. फसले ती एकदाच. तो सौदा मीच मांडला होता.

माझी आई पिंपरीत, आमच्या कॉलनीतल्या विहारात, दर जयंतीला सकाळी पाळणा म्हणायची. वडील कंपनीत फोर्जिंगला होते, आई धुणीभांडी करायची. गाणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण तिचा नंबर आला की माईकवाला माईक बंद करून चहाला जायचा. तिला माईक लागतच नसे. आवाज वर जायचा, अगदी वर, आणि तिथे जाऊन बारीक व्हायचा नाही, उलट भरायचा. मागच्या रस्त्यावर भाजी घेणाऱ्या बायका हातात पिशवी तशीच धरून उभ्या राहायच्या.

ती गेली त्याच्या पुढच्या जयंतीला पोरांनी मोबाईलवरचं तिचं जुनं रेकॉर्डिंग स्पीकरला लावलं. नुसती खरखर, आणि ऐन चढाच्या ओळीवर कुणाचं तरी खोकणं. मला त्या खोकणाऱ्याचा असा राग आला की तिथेच ठरवलं, यापुढे हा पाळणा मी म्हणणार. आईइतका वर. माझं वय तेव्हा एकोणचाळीस. मला गायिका व्हायचं नव्हतं, पुरस्कार नको होते. जयंतीची एक सकाळ आणि एक पाळणा, एवढंच हवं होतं. गळा सुरात होता, पण दम टिकत नव्हता. आणि मला कुठलंही काम अर्धवट येतंय हे सहन होत नाही. म्हणून शिकायचं ठरवलं.

बाई तळेगावात स्टेशनजवळच्या एका इमारतीत तळमजल्यावर राहत. साठी उलटलेली, नवरा वारलेला, मुलगा नोकरीसाठी बाहेर. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि घरी मुलींना शिकवत होत्या. मी पहिल्या दिवशी रिक्षाने गेले. दारातच रिक्षावाल्याशी हुज्जत झाली आणि त्याला गप्प करून मी आत आले, तर बाई दाराशीच उभ्या होत्या, हसत.

"वेळ कुठली?" त्यांनी विचारलं.

"दुपारी दोन. पहिल्या शिफ्टचं जेवण उरकतं. चारच्या चहाला मला परत जावं लागतं."

"दुपारी मी शिकवत नाही. दुपारी मी माझं गाते. मुली संध्याकाळी येतात, तूही तेव्हाच ये."

"संध्याकाळी दुसऱ्या शिफ्टचं जेवण असतं, बाई."

"मग तुझं आणि गाण्याचं जमायचं नाही."

असं ऐकून उठणारी मी नव्हे. मी म्हटलं, "असं करा. तुम्ही मला शिकवूच नका. तुम्ही तुमचं गा, मी मागे बसते. ऐकून ऐकून म्हणते. तुम्हाला काडीचा त्रास नाही. आणि फी निम्मी."

बाई मोठ्याने हसल्या. "निम्मी कशाला? काहीच देऊ नकोस. तानपुरा धरता येतो?"

"शिकेन."

"मग ये उद्यापासून. आणि त्या डब्यात काय आणलंयस ते उघड आधी. मघापासून वास येतोय."

मी उडत परत आले. गाणं फुकट, वेळ माझ्या सोयीची, आणि बाईंनी वांग्याची भाजी बोटं चाटून खाल्लेली. माल उलटून पाहायचं त्या दिवशी सुचलंच नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. प्रत्येक गाणाऱ्याचा सा एका ठरावीक उंचीवर सुखाने बसतो. ती त्याची पट्टी. पेटीवर काळ्या बटणांना एक ते पाच आकडे आहेत, आकडा वाढतो तसा सूर चढतो. कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी काळी चारमध्ये. नवी मुलगी आली की बाई तिला आधी बोलायला लावत, हसायला लावत, मग पेटीवर बोट फिरवत तिची जागा शोधत आणि तिच्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून देत. "ही तुझी पट्टी. कुणी काही म्हणो, ही सोडायची नाही." एकदा विसरलेला डबा घ्यायला मी संध्याकाळी गेले होते, तेव्हा हे पाहिलं. एका पोरीने वही छातीशी धरली होती. मला गंमत वाटली.

माझी वही नव्हती. मी शिकवणीला नव्हतेच. मी बाईंच्या रियाजाला होते. तानपुरा त्यांच्या पट्टीत लावलेला असे, काळी चार, आणि मी तोंड उघडायचे ते त्याच सुरात.

रोज दोनला मी जायचे. चाकणहून तळेगावचा तो रस्ता, ट्रकच्या मागची धूळ, तोंडाला ओढणी बांधून स्कूटर हाकायची. बाईंच्या दारात तोंड धुवायचं, तानपुरा घ्यायचा, त्यांच्या मागे डावीकडे बसायचं. सा. पहिलं वर्ष जवळजवळ साच. मी चुकले तर बाई मागे वळत नसत, नुसता हात वर करत. तो हात मला पाठ झाला होता. तळवा माझ्याकडे म्हणजे थांब. दोन बोटं म्हणजे पुन्हा. मूठ म्हणजे चांगलं होतं, पण डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस. कँटीनमध्ये मी दिवसभर ओरडत असे आणि तिथे तासभर एक शब्द न बोलता बसत असे. माझ्या माणसांनाही फरक कळायचा. आचारी म्हणायचा, मॅडम तळेगावला जाऊन आल्या का, मग विचारा आता सुट्टी.

रियाज झाला की आम्ही डबा खायचो. एकाच ताटात, भाजी मधे. बाई स्वयंपाकाला नावं ठेवत आणि सगळं संपवत. "मीठ जास्त. तुझ्या कंपनीतले कामगार संप कसे करत नाहीत?"

"तुमच्यासारखेच आहेत, नावं ठेवतात आणि पुन्हा वाढून घेतात."

दोनेक वर्षांनी बाईंनी तानपुरा उतरवायला सांगितला. काळी तीन. "वय झालं गं. चढवत नाही आता." मी खुंट्या पिळल्या. मला काही वाटलं नाही, उलट गळ्याला सोपं गेलं. आणखी काही वर्षांनी पुन्हा उतरलो, काळी दोन. बाई म्हणाल्या, "आता फक्त मिशी फुटायची राहिलीय मला." मीही हसले. त्यांच्याबरोबर मी एकेक पायरी खाली आले आणि प्रत्येक पायरीवर मला वाटलं, जमायला लागलं.

याच काळात त्या मला कार्यक्रमांना नेऊ लागल्या. तळेगावात, चिंचवडात, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधल्या दिवाळी पहाटेला. मी मागे तानपुरा घेऊन. वरच्या सुरावर बाईंचा श्वास तुटायचा. तुटायच्या अर्धा क्षण आधी त्यांची मान किंचित डावीकडे व्हायची आणि मी तो सूर उचलायचे. त्या श्वास घेऊन पुन्हा माझ्यात मिसळायच्या. समोरच्याला सांधा दिसत नसे. लोक म्हणायचे, या वयात काय आवाज राखलाय! मला अभिमान वाटायचा. एका सोसायटीत सूत्रसंचालकाने तबलजीचं, पेटीवाल्याचं, अगदी मांडववाल्याचं नाव घेतलं, माझं नाही. मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. बाई गाडीत बसून ऐकत होत्या. परतताना म्हणाल्या, "अगं, मागे बसणाऱ्याचं नाव कधी घेतात का? भांडकुदळ कुठली!"

"मग पुढे बसवा."

त्यांनी पाण्याची बाटली मागितली.

दर वर्षी जयंतीच्या आधी मी विचारायचे, "बाई, यंदा पाळणा म्हणू का?" त्यांना आईचं सगळं ठाऊक होतं. त्या पाळण्याची चाल त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली होती, अर्थात काळी दोनमध्ये. म्हणायच्या, "अजून नको. आवाज अजून बसायचाय." मी कुणाचं ऐकत नाही. त्यांचं ऐकलं. दर वर्षी विहारात ते खोकणं ऐकलं आणि घरी आले. अशी अकरा वर्षं.

मग बाईंना दम लागायला लागला. मुलगा पिंपळे सौदागरला आला होता, त्याने त्यांना घरी नेलं. दुपारचं बसणं सुटलं. त्या वर्षी मी कुणाला विचारलंच नाही. विहारातल्या पोरांना फोन केला, रेकॉर्डिंग लावू नका, मी म्हणणार आहे.

सकाळी पांढरी साडी नेसून गेले. पेटीवर कॉलनीतलाच एक जण, ढोलकीवर दुसरा. आमच्याकडे पाळणा ज्या पट्टीत वाजत आलाय त्यातच वाजतो. ती आईची पट्टी. पहिली ओळ खालची असते, ती नीट गेली. बायका सरसावून बसल्या. दुसऱ्या ओळीला चाल वर जाते. मी गेले, आणि आवाज मधोमध फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. आमच्या बायका अशा वेळी कुणाला उघडं पडू देत नाहीत. सगळ्यांनी मिळून ओळ उचलली आणि पाळणा पुरा केला. मी मधे ओठ हलवत बसले.

शेजारची म्हातारी नंतर पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अकरा वर्षं शिकायला जात होतीस म्हणे. तुझ्या आईला तर कुणी काहीच शिकवलं नव्हतं गं." ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिला खरंच वाईट वाटत होतं.

मला वाटलं, सराव कमी पडला. घरी पेटी हवी. दुसऱ्याच दिवशी चिंचवडला गेले. तिथे गल्लीत एक म्हातारा जुन्या पेट्या दुरुस्त करून विकतो. त्याने भाव सांगितला आणि मी सुरू झाले. भाता गळतोय, बटणं पिवळी पडलीत, या भावात नवी येईल, मला काय पहिल्यांदा बाजारात आल्यासारखं समजता का. तो मात्र एका हाताने भाता हलवत दुसऱ्या हाताचं बोट बटणांवरून फिरवत होता. मग म्हणाला,

"ताई, अजून थोडं भांडा."

"काय?"

"भांडा हो. झकास भांडता." आणि त्याने एक बटण दाबून धरलं. "ही बघा, काळी पाच. तुमचं सगळं भांडण हिच्या आसपास चाललंय. गाता वाटतं? लावा सा."

मी लावला. सवयीने, जिथे रोज लावायचे तिथे. त्याचं बोट घसरत घसरत काळी दोनवर आलं आणि थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हा कुणाचा सा लावलात?"

मी सांगितलं. बाई, दुपार, मागे बसणं, सगळं. तो ऐकत राहिला. मी विचारलं, "वरचा आवाज उघडेल ना? मेहनत करेन." म्हणाला, "पंचविशीत आला असतात तर उघडला असता. गळा ज्या उंचीवर वर्षानुवर्षं चालवावा तिथलाच होतो. त्यात आपलं वय. वय किती तुमचं?"

"पन्नास."

त्याने मान हलवली आणि पेटीचा भाव आपणहून उतरवला. मी मागितला होता त्याच्याही खाली. मला त्याचा एवढा संताप आला की पेटी न घेताच निघाले. बाहेर येऊन शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून एक वही घेतली. का घेतली ते घेताना मला सांगता आलं नसतं.

तशीच पिंपळे सौदागरला गेले. गेटवर नाव, काम, फ्लॅट नंबर, फोटो. नवव्या मजल्यावर बाई एकट्याच होत्या, मुलगा-सून ऑफिसला. खूप वाळल्या होत्या. तानपुरा गवसणी घालून बाल्कनीच्या दाराशी उभा केलेला, पेटी टीव्हीच्या खालच्या कप्प्यात. शेजारच्यांची मीटिंग असते म्हणून दुपारी वाजवायची नाही, असं सुनेने सांगितलेलं.

"डबा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"नाही आणला."

"म्हणजे भांडायला आलीस."

"माझी पट्टी कुठली, बाई?"

मला वाटलं होतं त्या टाळतील. मी वाटेत पुढची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती.

"काळी पाच," त्या लगेच म्हणाल्या. "पहिल्या दिवशी दारात रिक्षावाल्याशी भांडत होतीस तेव्हाच कळली."

"मग सांगितलं का नाही?"

"तू शिकवणीला कुठे होतीस? तूच म्हणालीस, मला शिकवू नका."

"अकरा वर्षं, बाई!"

त्यांना धाप लागली. थांबून थांबून बोलल्या. "पहिली दोन वर्षं रोज वाटायचं, आज सांगावं. संध्याकाळच्या मुलींत बसवावं तुला. मग माझा आवाज जायला लागला. तू मागे असलीस की तो गेल्याचं कळत नसे. कुणालाच नाही. मलासुद्धा नाही."

"म्हणजे माझा वापरलात."

"हो."

"आणि पाळणा? दर वर्षी अजून नको, अजून नको?"

"तू तिथे गायली असतीस तर तुला त्याच दिवशी कळलं असतं."

"संध्याकाळची एखादी पोरगी घ्यायची होती मागे."

"त्यांना त्यांचं गायचं होतं गं. त्यांच्या वहीत लिहून दिलं होतं मीच."

माझ्याशी आजवर जे जे भांडले त्यांनी खोटं बोलून, वळसे घेऊन मला काहीतरी धरायला दिलं. बाईंनी काहीच दिलं नाही. मी ओरडले मात्र. काय काय बोलले ते लिहीत नाही. समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला, तेव्हा थांबले. बाई खाली बघत बसल्या होत्या.

मी पिशवीतून वही काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "लिहा. पहिल्या पानावर."

"आता?"

"आता."

बाईंनी पेन घेतलं. न भांडता लिहिलं, काळी पाच. मग म्हणाल्या, "पेटी काढ." मी टीव्हीखालून पेटी काढली. त्यांनी भाता मलाच हलवायला सांगितला आणि काळी पाचवर बोट ठेवलं. "लाव."

सा लागला. तेवढा लागला. पाळण्याची पहिली ओळही झाली. दुसऱ्या ओळीला विहारातल्यासारखंच झालं. बाईंनी बोट तसंच धरलं होतं. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला. तळवा माझ्याकडे.

मग त्यांचं बोट हळूच डावीकडे सरकलं. काळी चार. तिथे क्षणभर थांबलं. काळी तीन. आणि काळी दोन. मी भाता हलवत होते. त्यांनी मान किंचित डावीकडे केली, आणि मी कसलाही विचार न करता तो सूर उचलला. पाळणा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला, कुठे अडला नाही. खालच्या सुरात तो पाळण्यासारखा वाटत नव्हता. वरच्या ओळीला बाईंचे ओठ हलत होते, आवाज सगळा माझा होता. म्हणजे त्यांचा. शेवटी त्यांनी मूठ वर केली नाही. डोळे मिटून भिंतीला टेकून बसल्या.

चारच्या चहाला मला चाकणला पोचायचं होतं. पेटी होती तिथे ठेवली, वही स्कूटरच्या डिक्कीत टाकली आणि निघाले.

बाईंकडे अजून जाते, महिन्यातून एखाद-दुसऱ्या दुपारी. डबा नेते. त्या नावं ठेवतात, खातात. गाण्याचा विषय आम्ही काढत नाही, आणि मी त्यांना माफही केलेलं नाही. वही डिक्कीतच आहे, चलनं आणि पावत्यांच्या खाली. मोबाईलवर तानपुरा लावून काळी पाचमध्ये रोज सकाळी आठ महिने बसून पाहिलं. जिथे फाटतो तिथेच फाटतो.

यंदा जयंतीच्या आठवडाभर आधी विहारातल्या पोराचा फोन आला. "मावशी, पाळण्याचं काय करायचं? आजीचं रेकॉर्डिंग आहे अजून माझ्याकडे. लावू का?"

मी कांद्याच्या गाडीपाशी उभी होते, आडत्या भाव सांगत होता.

"लाव," म्हटलं.